वाचकांचे प्रश्न : उंच गवतात काय आहे?

गेल्या अंकात जुन्या वळणाच्या व्हिडिओ गेमबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली बरीचशी एकाच जातीच्या गेमबद्दल आहेत: उंच गवतात शिरायचं, समोर एखादा विचित्र प्राणी उभा राहतो, त्याच्याशी झुंजायचं, जमलं तर पकडायचं, वाढवायचं आणि संग्रह भरत न्यायचा. म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून हीच पत्रं घेते. गेमसाठी पिक्सेलचे, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचे प्राणी काढणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे चित्रांबद्दल जरा जास्त बोललं जाईल.

प्रश्न : ताई, माझं वय ३६. लहानपणी गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर पोकेमॉन रेड खेळलो, मग नोकरी-संसारात सगळं सुटलं. मध्यंतरी सहज म्हणून 'कोरोमॉन' हा तसाच नवा गेम घेतला आणि आता रोज रात्री झोपण्याआधी तोच चालू असतो. चित्रं मुद्दाम जाडीभरडी, तरी टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवरचे खऱ्यासारखे दिसणारे गेम तसेच पडून आहेत. बायको म्हणते, "तुला गेम नकोय, तुला तुझं बालपण हवंय." तिचं खरं आहे का? आणि खरं असेल तर मी वेळ वाया घालवतोय का?

उत्तर : त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्यात लाजण्यासारखं काही नाही. आधी तेच घेऊ.

२०१९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात आला. पाच ते आठ वर्षांच्या वयात गेम बॉयवर पोकेमॉन खेळायला लागलेली ११ माणसं, आता मोठी झालेली, त्यांनी निवडली. एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना चेहरे, प्राणी, शब्द, पोकेमॉन अशी नाना चित्रं दाखवली. लहानपणी न खेळलेल्या लोकांच्या तुलनेत यांच्या मेंदूतला, पाहण्याशी संबंधित असलेला एक ठरावीक भाग पोकेमॉन दिसले की जास्त जोमाने कामाला लागत होता. आणि तो सगळ्यांच्या मेंदूत साधारण एकाच जागी सापडला. याचं कारण संशोधकांनी असं मांडलं की या सगळ्यांनी ते प्राणी एकाच तऱ्हेने पाहिले होते: हातात जवळ धरलेली इवलीशी स्क्रीन, नजरेच्या अगदी मध्यावर पडणारं छोटं चित्र, तासन् तास. आवड का टिकते हे हा अभ्यास सांगत नाही. पण कोवळ्या वयात ते प्राणी पाहणाऱ्याच्या डोक्यात त्यांची ओळख कुठे आणि कशी कोरली गेली, ते सांगतो. तुम्हीही त्यांच्यातलेच, तेव्हा बालपणाचा वाटा यात आहेच.

आता उरलेलं अर्धं. कोरोमॉन २०२२ सालचा, नेदरलंड्समधल्या ट्रॅगसॉफ्ट या छोट्या स्टुडिओचा. त्यातले तोरुगा, निबलगार, क्यूबझीरो यांपैकी एकही प्राणी तुम्ही लहानपणी पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी मेंदूत जागा राखलेली असण्याचा प्रश्नच येत नाही. मग ओढ कसली आहे?

एक ओढ चित्राची आहे, आणि ती माझ्या टेबलावर मला रोज दिसते. गेम बॉय १९८९ सालचा. त्याची स्क्रीन १६० गुणिले १४४ ठिपक्यांची, आणि रंग म्हणाल तर हिरवट-पिवळ्याच्या चार छटा. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचे पहिले दोन गेम आले, त्यांत समोर येणाऱ्या प्राण्याच्या चित्राला जास्तीत जास्त ५६ गुणिले ५६ ठिपके मिळायचे. तुमच्या स्वतःच्या प्राण्याची खाली डाव्या कोपऱ्यात पाठ दिसायची ना? तिच्या वाट्याला आणखी कमी. ती ३२ गुणिले ३२ मध्ये काढलेली असायची आणि दाखवताना दुप्पट ताणली जायची, म्हणून आपलाच प्राणी समोरच्यापेक्षा ओबडधोबड दिसायचा. एवढ्या जागेत डोळ्याला दोन-तीन ठिपके येतात. परवा मी पाणमांजराच्या वळणाच्या एका प्राण्याचा डोळा बसवत होते. काळा ठिपका एक घर वर नेला की तो बावरलेला दिसे, एक घर खाली आणला की झोपाळलेला, आणि वरच्या ओळीत एक गडद ठिपका वाढवला की थेट चिडलेला. अंगावर केस आहेत की खवले, हे सांगायला ठिपके उरतच नाहीत. ते बघणाराच ठरवतो. तुम्ही तुमच्या प्राण्याला केस दिले असतील, तुमच्या मित्राने त्याच प्राण्याला खवले. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गेममध्ये प्रत्येक केस आधीच कुणीतरी काढून ठेवलेला असतो. तो बघायला छान वाटतो, पण त्या प्राण्यात तुमचा हात लागलेला नसतो.

आवाजाचंही असंच. पहिल्या १५१ प्राण्यांच्या हाका ३८ मूळ आवाजांवरून, त्यांची पट्टी आणि लांबी बदलून केलेल्या आहेत. चारिझार्ड आणि ऱ्हायहॉर्न यांची हाक तर तंतोतंत एकच आहे. तेव्हा कधी जाणवलं होतं? समोर आग ओकणारा, पंखांचा प्राणी असला की तीच हाक आभाळातून आल्यासारखी वाटायची आणि गेंडा असला की छातीतून.

दुसरी ओढ मला याहून मोठी वाटते. रेड खेळताना पुढच्या गवतात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तुमच्या मित्रालाही धड ठाऊक नव्हतं. एस. एस. ॲन जहाजाच्या धक्क्याजवळचा तो ट्रक आठवतोय? गेममध्ये त्याचं काडीचं काम नाही, तो नुसता उभा आहे. पण तो ढकलला की खाली म्यू नावाचा गुप्त प्राणी सापडतो, ही वार्ता एकमेकांना कधीही न भेटलेल्या मुलांमध्ये देशोदेशी फिरली. ट्रकखाली काहीच नव्हतं. पण म्यू मात्र खरोखर गेममध्ये होता! गेम पुरा होत आल्यावर चाचणीची साधनं काढून टाकली, त्यामुळे सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली, आणि शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने तेवढ्यात त्याला बसवून दिला. अफवेतला पत्ता खोटा होता, पण प्राणी खरा निघाला. एवढं एकदा अनुभवलेल्या मुलाला पुढे प्रत्येक निरुपयोगी दिसणाऱ्या वस्तूच्या मागे काहीतरी असावंसं वाटत राहतं.

आज तुम्ही रेड पुन्हा काढलात तर तो आवडेल, पण त्यातली प्रत्येक गुहा तुम्हाला पाठ असेल. कोरोमॉनमध्ये मात्र चालण्याची पद्धत, गवतातली चाहूल, झुंजीचा पडदा, आळीपाळीने चाल करणं, सगळं हाताच्या ओळखीचं आहे, आणि त्यातून बाहेर येणारा प्राणी तुम्ही जन्मात पाहिलेला नाही. नियम शिकण्यात शक्ती जात नाही, ती सगळी कुतूहलाला मिळते. तेव्हा घरी सांगा की बालपणातली एकच गोष्ट परत मिळते आहे, पुढचं ठाऊक नसणं, आणि छत्तिसाव्या वर्षी ती इतर कुठे सहजी मिळत नाही.

झोप मोडत नसेल तर वेळ वाया जातोय असं मी म्हणणार नाही. पथ्य एकच पाळा: पहिल्या खेपेला गाइड उघडू नका. कोणता प्राणी कुठे सापडतो त्याची यादी वाचू नका. कोरोमॉनमध्ये प्रत्येक प्राण्याला १ ते २१ मधला एक 'पोटेन्शियल' आकडा असतो, आणि २१ वाला हाती लागेपर्यंत एकाच गवतात गोल गोल फिरणारे लोक आहेत. तुम्ही त्या नादी लागू नका. जो भेटला तो घ्या आणि पुढे चला. त्याचं नाव मात्र बायकोला ठेवायला सांगा.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिच्या मामाने तिला असाच एक जुन्या धाटणीचा प्राणी पकडायचा गेम दिला. मला वाटलं होतं, आजची मुलं असली ठोकळ्यांची चित्रं बघून नाक मुरडतील, पण ती त्यात पार रमली आहे. माझी अडचण वेगळी आहे. तिने सगळ्यात आधी पकडलेला एक किडा अगदीच कमजोर आहे. त्याच्यामुळे ती सारखी हरते, रडकुंडीला येते, पण त्याला संघातून काढत नाही. "तो माझा पहिला आहे," म्हणते. तिला समजावून सांगावं का?

उत्तर : अजिबात नको. तुमच्या पत्रातली ही ओळ वाचून मला इतका आनंद झाला की ती मी कामाच्या जागी चिकटवून ठेवली आहे.

हा सगळा प्रकारच मुळात किड्यांपासून सुरू झाला. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा भागात किडे गोळा करत हिंडायचे. पुढे वस्ती वाढली, तळी बुजली, शेतं गेली. मोठेपणी त्यांनी दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आलं की या तारेवरून एखादा किडा चालत एका यंत्रातून दुसऱ्यात जातोय. तुमच्या मुलीने ही गोष्ट ऐकलेली नाही, तिला कसलीही जुनी आठवण नाही, तरी ती बरोबर त्याच जागी येऊन थांबली: हा किडा मी शोधला, म्हणून तो माझा.

मुलांना हे गेम आवडण्याचं आणखी एक साधं कारण आहे. गेम थांबतो. तुम्ही बटण दाबेपर्यंत समोरचा प्राणी हलत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला आठ मिनिटं विचार करायचा असेल तर ती करू शकते. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी, एवढ्या तीन वाक्यांवर ती उभी राहते आणि मग बाकीचं स्वतः शोधते. घरात या विषयातली जाणकार तीच असते, मोठ्यांना तिला विचारावं लागतं. ही संधी मुलांना फार कमी मिळते.

किड्याबद्दल एक युक्ती तेवढी तिला सांगा, तीही तिने विचारली तर. या जातीच्या बहुतेक गेममध्ये झुंजीत उतरलेल्या प्रत्येक प्राण्याला अनुभवाचे गुण मिळतात, तो शेवटपर्यंत लढला नाही तरी. तेव्हा किड्याला पहिल्या क्रमांकावर ठेवायचं, झुंज सुरू झाली की लगेच मागे घेऊन बळकट प्राणी पुढे करायचा. गुण दोघांत वाटले जातात आणि किडा हळूहळू वाढतो. आणि किडे अशा गेममध्ये बरेचदा लवकर कात टाकून नवं रूप घेतात. तिला ते आधी सांगू नका.

प्रश्न : सामान आवरताना माझ्या धाकट्या भावाची पोकेमॉन गोल्डची कॅसेट सापडली. तो आता परदेशात असतो. त्याने त्यात एका प्राण्याला माझं नाव दिलं होतं आणि मी त्यावरून त्याच्याशी भांडले होते. जुना गेम बॉय कलर शोधून कॅसेट लावली. संगीत वाजलं, पण 'कंटिन्यू' येतच नाही, फक्त नवा गेम सुरू करायचा पर्याय येतो. आतलं सगळं कुठे गेलं? परत मिळेल का?

उत्तर : वाईट वाटतं लिहायला, पण त्या कॅसेटमधलं ते सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, गेलं आहे. ते परत आणण्याचा मार्ग नाही.

त्या कॅसेटमध्ये दोन प्रकारची स्मृती असते. गेम स्वतः, त्यातली गावं, संगीत, चित्रं, हे पक्क्या चिपमध्ये छापलेलं असतं, त्याला वीज लागत नाही, म्हणून तुम्हाला संगीत ऐकू आलं. तुमच्या भावाची प्रगती मात्र ३२ किलोबाइटच्या एका वेगळ्या चिपमध्ये असते. तिला सतत थोडी वीज लागते, आणि ती पुरवायला कॅसेटच्या आत नाण्याच्या आकाराचा एक लिथियम सेल डाक देऊन (सोल्डर करून) बसवलेला असतो. गेम बॉय बंद असतानाही तो सेल जागा असतो. तो संपला की चिपमधलं सगळं त्याच क्षणी पुसलं जातं. गोल्ड आणि सिल्व्हर (जपानात नोव्हेंबर १९९९) यांच्या बाबतीत हे लवकर होतं, कारण त्यांच्यात घड्याळही आहे. रात्री वेगळे प्राणी, सकाळी वेगळे, ही त्या गेमची सुंदर गोष्ट. ते घड्याळही त्याच सेलवर चालतं आणि त्याला रिकामं करत राहतं. रेडच्या काही कॅसेटमधले सेल वीस वर्षांवर टिकले, गोल्डचे बहुधा त्याच्या आधी मान टाकतात.

ज्या वाचकांच्या कॅसेटमध्ये अजून 'कंटिन्यू' दिसतं, त्यांनी हे वाचून लगेच उठावं. कॅसेटमधलं सेव्ह संगणकावर उतरवून घेणारी छोटी यंत्रं मिळतात. आधी सेव्ह उतरवा आणि मगच सेल बदला. सेल बदलताना पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेला सेल घ्या. साध्या सेलवर स्वतः डाक देऊ नका, तापून तो फुटू शकतो. हाताला सवय नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, काम थोड्या वेळाचं असतं. तुमच्याही कॅसेटला नवा सेल बसवता येईल, म्हणजे पुढचं टिकेल.

आणि एक गोष्ट भावाला जरूर विचारा. तो केबल जोडून कुणाशी प्राण्यांची अदलाबदल करायचा का? अदलाबदल झालेल्या प्राण्यासोबत त्याच्या मूळ मालकाचं नाव आणि ओळख क्रमांक कायमचा जातो. नव्या मालकाला त्याचं नाव बदलताही येत नाही, गेममध्ये नावं बदलून देणारा जो माणूस असतो तो दुसऱ्याच्या प्राण्याला हात लावत नाही. त्यामुळे तुमच्या नावाचा तो प्राणी त्याने कधी एखाद्या मित्राला दिला असेल, आणि त्या मित्राचा सेल अजून जिवंत असेल, तर तो तिथे तुमच्याच नावाने आहे, आणि मालक म्हणून खाली तुमच्या भावाचं नाव आहे. शक्यता बारीक आहे. पण एका फोनने कळण्यासारखी आहे, आणि तो फोन तुम्ही करावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी संगणक अभियंता आहे. मला या रेट्रोच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या गेमच्या लाटेचा वैताग आला आहे. तेव्हा यंत्र दुबळं होतं म्हणून चित्रं तशी होती. आज फोनमध्येही त्याच्या हजारो पट ताकद असताना मुद्दाम ठिपके मोठे करायचे, हा मला आळस वाटतो, आणि लोकांच्या हळवेपणावर धंदा वाटतो.

उत्तर : काही गेमच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. कुठल्या, ते ओळखायची माझी एक खूण आहे: एकाच पडद्यावर वेगवेगळ्या आकाराचे ठिपके दिसले की समजावं, इथे कुणी बंधन पाळलेलं नाही. प्राणी मोठ्या ठिपक्यांत, अक्षरं बारीक, आणि हल्ला करताना प्राणी तिरका फिरतो तर त्याचे ठिपकेही तिरके होतात. जुन्या यंत्रात तिरका ठिपका ही गोष्टच शक्य नव्हती. असं दिसलं की ते चित्र जुन्याचं नुसतं पांघरूण आहे, त्यामागचा विचार नाही.

पण एक इतिहास तुमच्यासमोर ठेवते. हा प्रकार नव्या यंत्रावर जन्मलाच नाही. ताजिरींचा गेम बाजारात आला तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा म्हातारा झाला होता, आणि घरोघरी रंगीत, त्रिमितीय खेळांची चर्चा होती. मुळात गेम बॉयसुद्धा त्याच्या काळात मागासलेलाच होता. तो घडवणारे गुनपेई योकोई यांची धारणाच अशी होती की जुनं, स्वस्त, पुरतं समजलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा अनपेक्षित उपयोग करावा. चार सेलवर चालणारं, रंग नसलेलं यंत्र त्यांनी जाणूनबुजून केलं. तेव्हा ताकद हाताशी असताना ती न वापरणं हे या परंपरेला नवं नाही.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. जुन्या गेममधला जाचही कुणी हळवेपणाने परत आणतं तेव्हा. पहिल्या पोकेमॉनमध्ये पिशवीत २० प्रकारच्याच वस्तू मावायच्या. प्राणी ठेवायच्या खोक्यात २० जागा, ती भरली की स्वतः जाऊन खोकं बदलायचं, नाहीतर नवा प्राणी पकडताच येत नसे. 'फोकस एनर्जी' नावाची चाल नेमका घाव बसण्याची शक्यता वाढवायला होती, पण कोडमधल्या चुकीमुळे ती कमी करायची! भूत जातीच्या चाली मानसिक शक्तीच्या प्राण्यांना भारी पडायला हव्या होत्या, त्या लागतच नव्हत्या. यातलं काहीही जपून ठेवण्याच्या लायकीचं नाही, आणि चांगल्या रेट्रो गेमनी ते सोडून दिलं आहे. कोरोमॉन सुरुवातीलाच विचारतो, किती अवघड हवा. 'कॅसेट बीस्ट्स' (बिटन स्टुडिओ, २०२३) घ्या. त्यात प्राणी पकडून पिंजऱ्यात ठेवत नाहीत. टेपवर त्याचं रेकॉर्डिंग करतात, आणि ती टेप वाजवून माणूस स्वतः तो प्राणी होतो. शिवाय कोणत्याही दोन प्राण्यांचा मिलाफ होतो आणि दोघांच्या सुट्या भागांतून त्याचं चित्रही तयार होतं. शंभराहून जास्त प्राणी, आणि त्यातली प्रत्येक जोडी जुळली पाहिजे! हे सुटे भाग काढताना चित्रकाराला किती शिस्त लागली असेल याची मला कल्पना आहे. पंजा, शेपूट, डोळा, सगळं प्रत्येक धडावर बसलं पाहिजे. तुम्ही अभियंते आहात, तुम्हाला तर हा भाग माझ्याहून जास्त आवडेल. तो एकदा खेळून बघा आणि मग पुन्हा लिहा, मी छापीन.

प्रश्न : ताई, मी १३ वर्षांचा आहे. मला स्वतःचा मॉन्स्टर पकडायचा गेम करायचा आहे, जुन्या गेम बॉयसारखा. मी ३०० प्राणी ठरवले आहेत आणि बरेच काढले पण आहेत, पण ते सगळे एकमेकांसारखेच दिसतात. काय करू?

उत्तर : ३०० सध्या बाजूला ठेव. पोकेमॉनचे पहिले १५१ करायलाही मोठ्या माणसांना काही वर्षं लागली होती. तू बारा निवड.

आता एक परीक्षा कर. तू काढलेले प्राणी घे आणि प्रत्येक पूर्ण काळा भरून टाक, डोळेसुद्धा. मग सगळे शेजारी शेजारी ठेवून लांबून बघ. ज्या दोन सावल्या सारख्या दिसतील त्यातला एक बाद. मला तुझे प्राणी न बघताही एक अंदाज करता येतो: सगळे दोन पायांवर, समोर तोंड करून उभे असणार, आणि फरक शिंगांत आणि रंगात असणार. एकाला आडवा कर. एकाला पाठमोरा बसव. एकाला पायच देऊ नकोस. एक इतका लहान कर की चौकटीत सगळी जागा मोकळी राहील. फक्त चार छटा वापर, सगळ्यात गडद, सगळ्यात फिकी आणि मधल्या दोन. रंगाने वेगळेपण आणायची सोयच राहिली नाही की तुझा हात आपोआप आकाराकडे वळेल. चौकट आधी १६ गुणिले १६ ची घे, त्यात प्राणी ओळखू आला की मग मोठी कर. यासाठी पिस्केल किंवा लिब्रेस्प्राइट ही फुकट साधनं पुरेशी आहेत, आणि पुढे गेम बांधायला गोडो आहे. वर सांगितलेला कॅसेट बीस्ट्स त्यावरच केला आहे.

दुसरं, प्रत्येक प्राणी काढण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिही: तो कुठे राहतो, आणि दिवसभर करतो काय? "आगीचा प्राणी" एवढं पुरत नाही. राखेत अंडी उकरणारा, धुराने शिंकणारा, रात्री ऊब धरून राहिलेल्या दगडाला चिकटून झोपणारा, असं लिहिलंस की तिघांचे आकार तुला वेगळेच सुचतील. अंडी उकरणाऱ्याला पुढचे पंजे मोठे लागतील, शिंकणाऱ्याला नाक, झोपणाऱ्याला चपटं पोट.

आणि कोडला हात लावायच्या आधी पहिल्या तिघांची झुंज कागदावर लाव. प्रत्येकाला जीव किती, चाली कोणत्या, कोण कुणाला भारी, हे लिही आणि फासे टाकून मित्राबरोबर खेळ. तुला सांगायची गरज न पडता तो मित्र "मला हाच पाहिजे" म्हणून एकावर बोट ठेवेल. तिघांपैकी ज्याच्यावर कधीच कुणी बोट ठेवत नाही, तो पुन्हा काढ. तिघेही निवडले जायला लागले की चौथा सुरू कर.